शाळा सोडण्याचे कारण

“बाई, माईकवर एकदाच म्हणा. नंतर वर्षभर काय म्हणायचं ते म्हणा.”

शिक्षक दिनाची सकाळ होती. मुलांनी शिक्षक व्हायचं आणि आम्ही बाकांवर बसायचं, हा आमच्या हायस्कूलचा दरवर्षीचा खेळ. दहावी ‘अ’चा गणिताचा तास अवधूत लोहारला मिळाला होता. अंगात वडिलांचा पांढरा शर्ट, पॅन्ट कमरेला पट्ट्याने आवळलेली, खिशाला दोन पेनं. केस आदल्या दिवशीच कापलेले, मानेवर वस्तऱ्याची कोरी रेघ.

“काय म्हणू?” मी विचारलं.

“अवधूत.”

“रजिस्टरला काय आहे?”

“ऋतुजा.”

“मग?”

“रजिस्टर मी लिहिलेलं नाही, बाई.”

मी हसले नाही.

हे वाक्य दुरुस्त करते. मला हसू आलं होतं, मी ते दाबलं.

*

पक्ष

भूमितीत सिद्धता लिहिण्याआधी पक्ष लिहायचा असतो, म्हणजे जे दिलेलं आहे ते. मी अठ्ठावीस वर्षं हेच शिकवलं आणि निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली, तरी दुसऱ्या कुठल्या रीतीने मला काही सांगता येत नाही.

दिलेलं : मी राजमती मगदूम. शिरोळ तालुक्यातलं गाव, मधोमध आमची जैन बस्ती, म्हणजे मंदिर, चारी बाजूंनी ऊस. बाविसाव्या वर्षी बाहुबलीच्या तीर्थावर एका माताजींसमोर हात जोडून मी व्रत घेतलं की खोटं बोलणार नाही. लोक अशी व्रतं घेतात आणि जमेल तशी पाळतात. मी पाळलं. पावण्यांनी विचारलं तर मी आमटी खारट झाल्याचं सांगते. दारात वर्गणीवाले आले तर ‘घरात कुणी नाही’ असं आतून ओरडत नाही. गावातले पालक इतर शिक्षकांना भेटून झाल्यावर शेवटी माझ्याकडे यायचे. “आता तुमी खरं सांगा बाई, पोरगं पास हुईल का?” मी सांगायचे. ते रडत जायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच यायचे. याचा मला अभिमान होता. हा शब्द इथे लिहून ठेवते.

दिलेलं : अवधूत पाचवीपासून आमच्या शाळेत होता, ऋतुजा मारुती लोहार या नावाने. आमच्या भागात मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात, त्यामुळे आठवीपर्यंत कुणाच्या कानाला काही लागलं नाही. नववीत त्याने वेण्या कापल्या. मुख्याध्यापकांना सांगून मुलांचा गणवेश घातला. मग एका रविवारी आईबरोबर नरसोबाच्या वाडीला जाऊन आला आणि सोमवारी वर्गात उभा राहून म्हणाला, आजपासून मला अवधूत म्हणा. वर्गाने दोन दिवस चेष्टा केली, तिसऱ्या दिवशी म्हणायला लागला. पोरांना चेष्टेचासुद्धा कंटाळा येतो.

मी मात्र हजेरी घेताना ‘ऋतुजा’ म्हणायचे. तो नुसता हात वर करायचा. एवढ्या तहावर आमचं चाललं होतं.

*

“मी व्रत घेतलंय,” त्या सकाळी मी त्याला सांगितलं. “जे नाही ते माझ्या तोंडून येणार नाही. माझा धर्म आहे तो. तुझ्याशी माझं वैर नाही.”

“मग मी काय खोटं बोलतोय?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“तुम्ही खरं बोलताय, मी खोटं बोलत नाही. मग दोघांतलं चुकतंय कोण?”

“तासाची वेळ झाली, लोहार,” मी म्हणाले.

आडनावाने हाक मारली की मला बरं पडायचं.

*

रचना

त्याने समरूप त्रिकोण शिकवले. मी तिसऱ्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसले होते. त्याने सारख्याच कोनांचे लहानमोठे चार त्रिकोण पुठ्ठ्यातून कापून आणले होते. ते फळ्यावर एकात एक ठेवून दाखवले आणि मग एकदम वळला.

“मगदूम, उभ्या राहा. आकार वेगळा की माप वेगळं?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“माप वेगळं, सर,” मी म्हणाले. खेळाचा नियमच होता तो.

“बसा. लक्ष असू द्या, दहावीचं वर्ष आहे.”

वर्ग फुटला हसून. मीही हसले, या वेळी दाबलं नाही. चांगलं शिकवलं त्याने. मला ते पुठ्ठ्याचं कधी सुचलं नव्हतं.

दुपारी मैदानात मांडव. शिक्षक झालेल्या प्रत्येक मुलाला मंचावर बोलवून गुलाब आणि प्रशस्तिपत्र द्यायचं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे. यादी मुख्याध्यापक नलवडे सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. सातवं नाव होतं, अवधूत लोहार. मी लाल पेनने ते खोडलं आणि वर लिहिलं, कु. ऋतुजा मारुती लोहार. हे मी कुणाला दाखवलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सहा नावं झाली.

“कुमारी ऋतुजा मारुती लोहार.”

कुणी उठलं नाही. तो चौथ्या रांगेत ताठ बसला होता, हात मांडीवर. माझ्याकडेच बघत होता.

“कुमारी ऋतुजा मारुती लोहार.”

मागून कुणीतरी शिट्टी मारली. पाठोपाठ हसणं आलं, आधी मुलांच्या बाजूने, मग पालकांच्याही.

मी थांबू शकले असते. आठव्या नावावर जाऊ शकले असते. मी माईक जवळ ओढला.

“कुमारी. ऋतुजा. मारुती. लोहार.”

तो उठला. सगळ्यांना वाटलं, मंचाकडे येतोय. तो रांगेतून बाहेर पडला, वळला, मांडवाच्या कडेने चालत फाटकाशी गेला आणि फाटक लावून घेऊन निघून गेला. माझ्या हातात गुलाब होता. तो मी पुढच्याला दिला.

संध्याकाळी नलवडे सर म्हणाले, “बाई, एकदा म्हणून गप्प बसला असतात तर?”

“मी खोटं बोलत नाही, सर.”

“मी रोज चार वेळा बोलतो, तेव्हा कुठं ही शाळा चालते.”

*

सिद्धता

सिद्धतेत डावीकडे विधान आणि उजवीकडे त्याचं कारण लिहायचं असतं. कारण नसलेलं विधान मी कधी चालवून घेतलं नाही. अर्धा गुण कापायचे.

विधान : अवधूत लोहार दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही.
कारण : गणपतीची सुट्टी लागली. (असं मी स्वतःला सांगितलं.)

विधान : सुट्टी संपल्यावरही आला नाही.
कारण :

त्याच सुमाराला आमचं दहा दिवसांचं पर्युषण पर्व होतं. रोज एकदाच जेवायचं, सूर्य मावळायच्या आत. रोज बस्तीत पूजा आणि एकेका धर्मावर, म्हणजे गुणावर, प्रवचन. पाचवा दिवस सत्याचा. त्या दिवशी पंडितजींनी समोर बसलेल्या माझ्याकडे हात करून म्हटलं, “आपल्या गावात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.” बायका वळून बघू लागल्या. मी मान खाली घातली, म्हणजे जशी घालायची असते तशी.

पर्वाच्या नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत आमचे क्लार्क मुल्लाणी भाऊसाहेब स्टाफरूममध्ये आले. हातात अर्ज.

“लोहारचा दाखला मागितलाय बाई. तेवढं कारण लिहून सही करा.”

आमच्या शाळेची जुनी पद्धत आहे. दाखल्याच्या अर्जावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ वर्गशिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहायचं.

“दहावीत दाखला? सप्टेंबरात?”

“सतरा नंबर भरणार म्हणं. बाहेरून बसायचं. बाप येऊन गेला सकाळी, तुमचा तास चालू होता.”

मी पेन काढलं.

“‘पालकांची विनंती’ लिहा की. मी हजारभर दाखले दिलेत, नऊशेंवर तेच आहे.”

“पालकांनी विनंती का केली?”

“तेवढी जागा नसते बाई त्या रेघेवर.”

मुल्लाणी हसले. मी रेघेकडे बघत राहिले.

पालकांची विनंती. खोटं नाही. पण ते अर्जाचं कारण झालं, शाळा सोडण्याचं नाही.

अभ्यासात गती नाही. खोटं.

प्रकृती. खोटं.

विद्यार्थ्याची इच्छा. सगळ्यात मोठं खोटं. त्या मुलाला शाळेत यायला इतकं आवडायचं की तो साडेदहाच्या शाळेला पावणेदहाला फाटकाशी असायचा.

त्या रेघेवर खरं बसेल असं एकच होतं. त्याला दोन शब्द पुरत होते : वर्गशिक्षिका मगदूम.

“काय लिहिलं?” मुल्लाणींनी मान लांब करून बघितलं.

“काही नाही अजून.”

“उपास चालू हाय तुमचा. उद्या करा.”

“उद्या शेवटचा उपास. परवा क्षमावाणी.”

“मग परवा करा. मला काय घाई न्हाई. पोराला असंल.”

*

क्षमावाणी म्हणजे पर्व संपल्यावर येणारा दिवस. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची त्या दिवशी क्षमा मागायची. आता सगळे मोबाइलवरून एकच संदेश दोनशे जणांना पाठवतात. माझ्या वडिलांचा नियम कडक होता. ज्याचं दुखलं त्याच्या दारात जायचं, नाव घेऊन मागायची आणि कशाबद्दल ते सांगायचं. मी दरवर्षी आधी यादी करते. त्या वर्षी यादीत अकरा नावं होती. जाऊबाई होत्या, दूधवाला होता, वर्गातली दोन मुलं होती ज्यांच्यावर मी विनाकारण ओरडले होते.

अवधूत नव्हता. खरं बोलल्याबद्दल कुणी क्षमा मागतं का?

पण कारणाची रेघ काही केल्या भरेना. क्षमावाणीच्या दिवशी अर्ज पर्समध्ये घेऊन मी शाळा सुटल्यावर थेट लोहारांकडे गेले.

*

रस्त्याला लागून पत्र्याचं वर्कशॉप, मागे घर. मारुती लोहार दारात एक गेट आडवं टाकून बिजागरी बसवत होते.

“या बाई. दाखला आणलासा?”

“नाही.”

“मग?”

“जरा... भेटायचं होतं.”

शोभाताई, अवधूतची आई, आतून पदराला हात पुसत आल्या. मला बघून त्यांचा चेहरा मिटला, पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

“घरात बसून धावी करतो म्हणतंय,” मारुती म्हणाले. “करंल. हुशार हाय.”

“घरात बसून कुणी केलीया धावी?” शोभाताई म्हणाल्या. “ह्येनीबी नववीत असंच म्हटलेलं, घरात बसून करतो. बघा, गेटं करत बसल्यात.”

“गेटं वाईट हाईत व्हय?”

“गेटं चांगली हाईत. धावी ऱ्हायली.”

आत ग्राइंडर चालू होता. अवधूत गॉगल लावून पट्टीची कड घासत होता. मला बघितलं त्याने. ग्राइंडर बंद केला नाही. मी उभी राहिले. ठिणग्या माझ्या पायापासून हातभर अंतरावर पडत होत्या. पट्टी गुळगुळीत झाली, तरी तो घासत राहिला. शेवटी मारुतींनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

“बोला,” तो म्हणाला. गॉगल काढला नाही.

“आज क्षमावाणी आहे. क्षमा मागायला आलेय.”

“कुणाची?”

‘तुझी’ म्हटलं असतं तर चाललं असतं. ते खोटं नव्हतं. पण नाव घ्यायचं असतं. आणि जे नाव मी तीनदा माईकवर घेतलं होतं, त्या नावाचं कुणी त्या पत्र्याखाली उभं नव्हतं. ज्याचं दुखलं होतं तो समोर होता.

“अवधूतची,” मी म्हणाले.

शोभाताईंनी खुर्चीची पाठ धरली.

“कशाबद्दल?” त्याने विचारलं. त्याला आमचा नियम माहीत नव्हता, त्याला फक्त ऐकायचं होतं.

“पाच तारखेला तू मला सकाळीच सांगितलं होतंस तू कोण आहेस ते. तरी मी तुला दुसऱ्या नावाने बोलावलं. पहिल्यांदा बोलावलं ते माझ्या व्रतासाठी. खरंच त्यासाठी. दुसऱ्यांदा तू उठला नाहीस म्हणून.” पुढचं तोंडातून निघायला वेळ लागला. “तिसऱ्यांदा व्रताचं नुसतं नाव होतं, मी तुला हरवायला बोलावलं. लोक हसत होते ते मला ऐकू येत होतं. तरी बोलावलं.”

“म्हणजे तिसरं खोटं होतं.”

“हो.”

“म्हणजे व्रत मोडलं तुमचं?”

“मोडलं.”

त्याने गॉगल वर सरकवला. डोळ्यांभोवती धुळीची गोल कडी, आत स्वच्छ कातडी.

“मला क्षमा कर, अवधूत.”

त्याने पट्टी बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, “माईकवर तीनदा. आणि माफी इथं, पत्र्याखाली.”

“ए, बाईंशी नीट बोल,” मारुती म्हणाले.

“बरोबर बोलतोय तो,” मी म्हणाले.

तो ‘तो’ माझ्या तोंडून सहज गेला. शोभाताई चहा टाकायला आत गेल्या.

*

“माफी, परिपाठाला?” दुसऱ्या दिवशी सकाळी नलवडे सरांनी चष्मा काढला. “बाई, संस्थेचे लोक विचारतील. तुमच्या बस्तीतले तर तुम्हालाच विचारतील.”

“विचारू देत.”

“नाव रजिस्टरला तेच राहणार. बोर्डाच्या फॉर्मवर पण. ते बदलायचं म्हणजे कोर्टकचेरी आहे, ती त्याच्या घरच्यांनी करायची.”

“कागदाचं ते बघतील. मी माझ्या तोंडाचं बोलतेय.”

“तुम्ही खोटं बोलत नाही याचा मला आजवर एवढा त्रास झाला नव्हता,” ते म्हणाले आणि माईक चालू करून दिला.

प्रार्थना झाल्यावर मी बोलले. साडेसहाशे मुलं रांगेत. पाच-सहा वाक्यंच होती. शिक्षक दिनाला मी दहावीच्या अवधूत लोहारचा सगळ्यांसमोर अपमान केला. मला थांबता येत होतं, मी थांबले नाही. म्हणून त्याची सगळ्यांसमोरच क्षमा मागते. जे तेव्हा हसले त्यांनी हसण्याला सुरुवात केली नव्हती, मी केली होती.

रांगेत अवधूत नव्हता. हे मला वर उभी राहतानाच दिसलं होतं.

त्या संध्याकाळी बस्तीच्या ओट्यावर मला विचारणं झालं. व्रताचं काय, म्हणाले. मी सांगितलं की मोडलंय, प्रायश्चित्त म्हणून तीन उपास धरलेत, आणि व्रत आजपासून पुन्हा घेतलंय. “मग आता त्या पोरीला पोरगा म्हणणार?” एकाने विचारलं. “तो सांगतो ते ऐकणार,” मी म्हणाले. “त्याच्या आतलं मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याबद्दल छातीठोक बोलणं, हे मी आजवर खरं समजत होते.” काहींना पटलं. बऱ्याच जणांना नाही पटलं. जाऊबाईंना अजूनही पटलेलं नाही, आणि तसं त्या मला दर क्षमावाणीला सांगतात.

शुक्रवारी अवधूत आला नाही.

मुल्लाणी दारात येऊन नुसते माझ्या पर्सकडे बघून गेले.

*

इथे ‘हे सिद्ध झाले’ लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही, कारण झालेलं नाही. फक्त पुढे काय झालं ते लिहिते.

शनिवारी सकाळची शाळा. दहावी ‘अ’चा दुसरा तास. मी फळ्यावर वर्तुळ काढून त्याला स्पर्शिका काढत होते. दारात सावली पडली.

“आत येऊ, बाई?”

मुलांचा गणवेश, खांद्याला दप्तर, बोटांवर भाजल्याचे काळे ठिपके.

“ये.”

तो आत आला, पण बाकाकडे गेला नाही. माझ्या टेबलाशी थांबला आणि मला ऐकू जाईल एवढंच बोलला. पहिल्या बाकालाही गेलं असणार.

“मी अजून क्षमा केलेली नाही.”

“बरं.”

“करीन का नाही तेही माहीत नाही.”

“बरं.”

“घरी ग्राइंडरच्या आवाजात गणित होत नाही. म्हणून आलोय.”

“दोन प्रकरणं पुढे गेलोय आम्ही. वही काढ.”

“अर्ज?”

मी पर्समधून तो काढून त्याच्या हातात दिला. कारणाची रेघ कोरीच होती. त्याने ती बघितली, अर्ज चार घड्या करून खिशात घातला आणि जागेवर जाऊन बसला. शेजारच्या मुलाने न सांगता वही त्याच्याकडे सरकवली.

तास अर्धा झाला तेव्हा त्याने हात वर केला. गणित त्याला करून बघायचं होतं. मी खडू दिला. त्याने त्रिज्या काढली, स्पर्शिका काढली, कोन मांडले, भराभर, खाली न बघता, आणि उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. वर्गातून कुणीतरी हळूच टाळी वाजवली.

“चुकलास,” मी म्हणाले.

“कुठं?”

“शोध.”

“सांगा की बाई, दहा दिवस बुडालेत माझे.”

“म्हणूनच शोध.”

तो फळ्यापाशी उभा राहिला. वर्गातल्या दोघांनी खाणाखुणा केल्या, त्यांना मी डोळ्यांनी गप्प केलं. घंटा झाली तरी त्याला चूक सापडली नाही. मी फळा पुसू दिला नाही.

मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते. व्हरांड्यातून धावण्याचा आवाज आला आणि स्टाफरूमच्या दाराला धरून तो थांबला, धापा टाकत, हातभर खडूची भुकटी.

“सापडली, बाई! नव्वदचा कोन मी दुसऱ्याच ठिकाणी धरला होता.”

“मग इथं काय करतोयस? जाऊन नीट कर.”

तो वळला आणि पुन्हा पळाला.